रायडिंग कपड्यांचं कापड: घसरताना काय टिकतं आणि काय विरतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी मोटरसायकलवर घालायचे रायडिंगचे जॅकेट-पॅन्ट दुरुस्त करतो. चेन बदलणे, अस्तर बसवणे, पडून आलेले कपडे उसवून पाहणे, हे रोजचं काम. त्यामुळे लोक येतात ते कपडा घेऊन, आणि जाताना प्रश्न विचारून जातात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हेल्मेट आणि बुटांबद्दल इथे काही नाही, विषय फक्त कापडाचा.

माझी जीन्स चांगली जाडजूड आहे. ती पुरणार नाही का?

नाही. सुती डेनिम हाताला कितीही दणकट लागलं तरी खडबडीत रस्त्यावर घासलं की एक सेकंदही धड निघत नाही. सुताचे तंतू आखूड असतात, पीळ देऊन एकमेकांत अडकवलेले. खडीच्या टोकांनी पीळ उकलला की तंतू सुटे होतात आणि कापड अक्षरशः पिंजलं जातं. पडून आलेल्या साध्या जीन्सचं भोक पाहिलंत तर कडा कापल्यासारख्या नसतात, पिंजलेल्या कापसासारख्या असतात. त्याच्या आत जे होतं ते माणसाचं कातडं.

घसरताना कापडावर नेमकं काय काय गुदरतं?

लोक फक्त घासण्याचा विचार करतात. खरं तर चार गोष्टी जवळपास एकाच वेळी होतात.

पहिला असतो आदळ. अंग रस्त्यावर पडतं तेव्हा खांदा, कोपर, नितंबाची बाजू आणि गुडघा इथलं कापड हाड आणि डांबर यांच्यात चिरडलं जातं. घसरण सुरू व्हायच्या आधीच तिथे बारीक भोकं पडू शकतात. मग घासणं सुरू होतं, आणि त्याच्याबरोबर उष्णता. घर्षणाची ऊर्जा एका तळहाताएवढ्या जागेत उतरते. नायलॉन-पॉलिस्टरसारखे धागे त्या उष्णतेने मऊ पडतात, वितळतात आणि थंड झाल्यावर काचेच्या मण्यांसारखे कडक होतात. दुरुस्तीला आलेल्या जॅकेटच्या कोपरावरून बोट फिरवलं की हे मणी टोचतात. तिसरी गोष्ट फाटणं: खिशाचा कोपरा किंवा एखादी पट्टी रस्त्यात अडकते आणि कापड टरकतं. चौथी उसवणं, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण मी पाहिलेल्या कपड्यांत सगळ्यात जास्त दगा तिथेच झालेला असतो.

मग कापड किती वेळ टिकायला हवं?

ढोबळ हिशोब करून पाहू. कपडे आणि डांबर यांच्यातला घर्षणांक ०.६ धरला आणि अंग सरळ घसरत गेलं, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला साधारण १६ मीटर घसरण होते आणि तिला सुमारे २.४ सेकंद लागतात. १०० च्या वेगाला अंतर ६५ मीटरच्या आसपास जातं आणि वेळ ४.७ सेकंद. वेग दुप्पट झाला की वेळ दुप्पट होतो, पण अंतर चौपट.

दिलासा एवढाच की माणूस क्वचितच एका जागेवर घासत जातो. तो लोळतो, कुशीवर वळतो, आणि झीज वाटली जाते. म्हणूनच सगळ्या अंगाला सारखंच कापड लागत नाही, पण जिथे लागतं तिथे ते लागतंच.

केव्हलार गोळी अडवतं म्हणे. मग सगळा कपडा त्याचाच का शिवत नाहीत?

केव्हलार हे पॅरा-अरामिड जातीचं सूत. १९६५ मध्ये ड्युपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या कामातून ते आलं. ट्वॅरॉन हे त्याच जातीचं दुसरं नाव. वजनाच्या मानाने स्टीलपेक्षा पाचपट मजबूत असं जे म्हणतात ते खरं आहे, पण ती ताकद ओढण्याची. धागा दोन्हीकडून ताणला तर तो सहजासहजी तुटत नाही. रस्ता धागा ओढत नाही, तो आडवा खरवडतो. त्या खरवडण्यात अरामिडचा धागा उभा चिरत जातो, त्याचे केसासारखे तंतू सुटतात. पातळ विणलेलं केव्हलार घासण्यापुढे लोकांना वाटतं तेवढं टिकत नाही.

त्याची खरी जमेची बाजू उष्णता. ते वितळत नाही. चारशे अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊन करपतं, पण अंगाला चिकटत नाही. म्हणून ते जाड, फासे असलेल्या विणीत, टर्किश टॉवेलसारखं विणून अस्तर म्हणून वापरतात. फासे एकामागून एक झिजतात आणि वेळ मिळतो.

दुखणीही आहेत. ऊन त्याला खातं, पिवळं सूत तपकिरी होतं आणि कमजोर पडतं. क्लोरीनचं ब्लीच त्याला चालत नाही. आणि वरून लावलं तर लवकर केसाळ होतं. त्यामुळे ते बहुतेक वेळा आतच बरं.

एक गोष्ट विकत घेताना जरूर बघा. ‘केव्हलार जीन्स’ असं लेबल असलेल्या कितीतरी पॅन्टींत पिवळं अस्तर फक्त गुडघ्यावर आणि बसायच्या जागी असतं. एकदा माझ्याकडे एक आली होती: अस्तर गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर संपलं होतं, आणि भोक बरोबर तिसऱ्या बोटावर सुरू झालं होतं. पॅन्ट उलटी करा आणि अस्तर कुठून कुठपर्यंत आहे ते हाताने चाचपा. नडगीच्या बाहेरची बाजू आणि मांडीचा कडेचा भाग विशेष.

कॉर्ड्युरा लिहिलंय म्हणजे काम झालं?

अर्धं. कॉर्ड्युरा हे कापडाचं नाव नसून ब्रँडचं नाव आहे, आणि त्या नावाखाली अनेक कापडं येतात. रायडिंग जॅकेटमध्ये अपेक्षित असतं ते नायलॉन ६,६ चं, हवेच्या झोताने धागा थोडा पिंजून फुगीर केलेलं विणकाम. पण त्याच नावाची सुती मिश्रणंही आहेत आणि पातळ कापडंही. शिवाय दोन खांद्यांवर दोन पट्ट्या कॉर्ड्युराच्या आणि बाकी सगळं पॉलिस्टर, असं जॅकेटही ‘कॉर्ड्युरा जॅकेट’ म्हणून खपतं.

५०० डी, ६०० डी, १००० डी म्हणजे काय? आकडा मोठा तेवढं चांगलं ना?

डी म्हणजे डेनियर: ९००० मीटर लांब धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ५०० डेनियरचा ९ किलोमीटर धागा अर्धा किलो भरतो. म्हणजे हा आकडा धाग्याची जाडी सांगतो, मजबुती नाही. कशाचा धागा, हे त्यातून कळतच नाही. ६०० डेनियरचं पॉलिस्टर हे ५०० डेनियरच्या चांगल्या नायलॉन ६,६ पेक्षा घासण्यात सहसा मागेच पडतं. एकाच सुताची तुलना असेल तर मात्र मोठा आकडा मदत करतो, आणि त्याबरोबर कपडा जड आणि ताठ होतो.

नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही वितळतात. मग ते वापरतातच का?

कारण ते झिजायला चिवट आहेत आणि वितळण्याआधी बराच वेळ देतात. नायलॉन ६,६ साधारण २६० अंशांना वितळतं, पॉलिस्टर त्याच्याच आसपास, नायलॉन ६ मात्र २२० च्या जवळ. धोका कापड वितळण्यापेक्षा वितळलेलं कापड कातडीला लागण्याचा असतो. म्हणून आत सैलसर अस्तर हवं. आणि म्हणूनच रायडिंगच्या कपड्याखाली चापून बसणारं स्वस्त पॉलिस्टरचं टी-शर्ट मला आवडत नाही. लोकरीचं किंवा सुती बरं. घामासाठी खास बनवलेले आतले कपडे आवडत असतील तर घाला, पण वरचा कपडा आरपार जाणार नाही असा असू द्या.

डायनीमा तर १५० अंशांच्या आतच वितळतं. ते रायडिंगला कसं चालतं?

हा प्रश्न विचारणारा माणूस अभ्यास करून आलेला असतो. डायनीमा, स्पेक्ट्रा वगैरे नावांनी मिळणारं सूत म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन. पाण्यावर तरंगतं इतकं हलकं. वितळण्याचं तापमान साधारण १४५ अंश, म्हणजे कागदावर अगदीच कच्चं.

पण ते कमालीचं गुळगुळीत असतं. घर्षण कमी म्हणजे उष्णताही कमी तयार होते. धाग्याच्या लांबीच्या दिशेने ते उष्णता चटकन पसरवतं, हाताला थंड लागतं ते त्यामुळेच. आणि ते सहसा एकटं नसतं. सुती धाग्याबरोबर पीळ देऊन किंवा सुती वेष्टणाच्या आत गाभा म्हणून ते विणलं जातं. वरचं सूत आधी झिजतं, गाभा मागून पुढे येतो. चांगल्या विणीत हे जमून जातं आणि कपडा साध्या जीन्सइतका पातळ राहतो. वाईट विणीत, किंवा नावापुरतं पाच-दहा टक्के टाकलेल्या कापडात, काहीच जमत नाही. म्हणून टक्केवारी विचारा आणि त्याहून आधी कपड्याचा वर्ग, म्हणजे चाचणीत मिळालेला दर्जा, विचारा. वर्गाचं पुढे येतंच.

या सुताला रंग धरत नाही. निळी जीन्स वापरून फिकी पडली की गुडघ्यावर पांढरे बारीक ठिपके दिसू लागतात. लोक घाबरून विचारतात, कापड विरलं का? विरलेलं नसतं, वरचं सूत घासून आतलं पांढरं दिसायला लागलेलं असतं. इस्त्री आणि गरम ड्रायर यांपासून मात्र हे कपडे लांब ठेवा.

एकपदरी जीन्स घेऊ की अस्तराची?

अस्तराची जीन्स उकडते, पण पदर दोन असल्याने बाहेरचा गेला तरी आतला उरतो. एकपदरी हलकी, मोकळी, रोज घालता येईल अशी. पण ती गेली की गेली, मागे कोणी नाही. माझं मत असं की रोज कमी अंतराला जी पॅन्ट खरोखर अंगावर चढेल ती घ्या. कपाटातली भक्कम पॅन्ट रस्त्यावर काही कामाची नसते. लांबच्या, वेगाच्या प्रवासाला वेगळा विचार करावा.

लेदर अजूनही सगळ्यात भारी आहे का?

घासण्याच्या बाबतीत चांगलं गाईचं लेदर, १.१ ते १.४ मिलिमीटर जाडीचं, अजून भल्याभल्यांना मागे टाकतं. कारण त्याची रचना. विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे असतात, एक दोर तुटला की शेजारचा सुटतो. कातड्यात तंतू सगळ्या दिशांना गुंतलेले असतात, सुटायला टोकच नसतं. ते वितळतही नाही. कांगारूचं कातडं पातळ असूनही फाटायला चिवट, म्हणून शर्यतीच्या सूटमध्ये त्याला मान.

तरी ‘लेदर’ हा शब्दही जादूचा नाही. फॅशनच्या जॅकेटचं मऊ, पातळ कोकराचं कातडं रस्त्यावर कागदासारखं फाटतं. आणि जुनं लेदर जर तेलपाणी न मिळाल्याने सुकून कडकडीत झालं असेल, तर घडीच्या रेषेवर ते तडकलेलं असतं. कोपराच्या आतली घडी दुमडून बघा.

जाळीदार जॅकेट घेतलं तर चालेल? उकाडा सहन होत नाही.

जाळी म्हणजे मुद्दाम ठेवलेली भोकं. जितकी हवा आत येते तितकं कापड कमी. म्हणून जाळी कुठे आहे ते बघा. छाती, पोट, पाठीचा वरचा भाग, बाहीचा आतला भाग इथे असेल तर ठीक. खांद्याच्या टोकावर, कोपराच्या बाहेरून, हाताच्या खालच्या बाजूला घट्ट विणीचं कापड हवं. कोपरावरही जाळी आणि तिच्या मागे धक्का शोषणारा पॅड दिसत असेल तर ठेवून द्या. जाळी गेल्यावर पॅड जागेवर धरून ठेवायला काही उरत नाही. जाळीतही चांगल्या वर्गाची जॅकेटं निघतात, फक्त ती वर्ग छापून सांगतात.

सीई लेबल असलं म्हणजे बिनधास्त?

सीई ही वस्तू युरोपीय नियमांत बसते असं सांगणारी खूण. पण कसलं लेबल, ते वाचा. सगळ्यात मोठी फसगत इथे होते. जॅकेटच्या आतल्या पॅडवर सीई असतं आणि दुकानदार सांगतो, ‘सीई जॅकेट आहे.’ पॅडचं युरोपीय मानक (ईएन) वेगळं, ईएन १६२१. ते धक्का शोषण्याबद्दल बोलतं, कापडाबद्दल एक अक्षर नाही.

कपड्याचं मानक ईएन १७०९२, २०२० चं. शिवून लावलेल्या पट्टीवर दुचाकीस्वाराचं छोटं चित्र, मानकाचा क्रमांक आणि वर्ग असतो. युरोपीय संघात रायडिंगचे संरक्षक कपडे हे वैयक्तिक संरक्षण साधनांच्या २०१६/४२५ या नियमाखाली येतात, आणि तो २०१८ च्या एप्रिलपासून लागू आहे. पट्टी नसेल आणि फक्त कागदी टॅग लटकत असेल तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

ए, एए, एएए आणि बी, सी: कोणतं घेऊ?

ट्रिपल ए सर्वांत वरचा, मग डबल ए, मग ए. बी म्हणजे घासण्याच्या बाबतीत ए एवढाच, पण धक्क्याचे पॅड नसलेला. सी म्हणजे फक्त पॅड धरून ठेवणारा कपडा, उदाहरणार्थ आत घालायची पॅड लावलेली जाळीदार बनियन. सी एकटं घालून रस्त्यावर निघालात तर घासण्यापासून संरक्षण शून्य समजा.

चाचणी अशी होते: कापडाचे तुकडे फिरत्या यंत्राच्या टोकांना लावतात, यंत्र वेगात फिरवतात आणि तुकडे खालच्या काँक्रीटच्या लादीवर सोडतात. ते घासत घासत थांबतात. मग आरपार भोक पडलं का ते बघतात. अंगाचे विभाग पाडलेले आहेत. पहिल्या विभागात खांदा, कोपर, नितंबाची बाजू आणि गुडघा, म्हणजे जिथे आधी आदळ होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागात त्याहून कमी-कमी धोक्याच्या जागा. ट्रिपल ए ला पहिल्या विभागासाठी यंत्राचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या तोडीचा, दुसऱ्यासाठी ७५, तिसऱ्यासाठी ४५. डबल ए ला हेच ७०, ४५ आणि २५. ए ला पहिल्या विभागात ४५, दुसऱ्यात २५.

शहरात फिरणाऱ्याला ए चालून जातो असं म्हणतात. मी डबल ए वर अडून बसतो. ए आणि डबल ए मधला फरक आकड्यांत दिसतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण घसरणीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या (गणितातल्या, वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढते. ४५ वरून ७० म्हणजे जवळपास अडीच पट.

म्हणजे ट्रिपल ए घालून १२० ने पडलो तरी काही होणार नाही?

असा अर्थ काढू नका. तो यंत्राचा वेग आहे. यंत्रात अंगाचं वजन एका हाडाच्या टोकावर येत नाही, वाटेत दगड नसतो, कठडा नसतो. वर्ग हा कपड्यांची आपापसात तुलना करायला आहे.

जुन्या जॅकेटवर ईएन १३५९५ लिहिलंय. ते बाद झालं का?

उलट ते जपून ठेवा. ती जुनी, कडक चाचणी. ६० ग्रिटचा खरखरीत पट्टा सेकंदाला ८ मीटर वेगाने पळतो, त्यावर कापडाचा तुकडा टाकतात आणि आरपार जायला किती सेकंद लागले ते मोजतात. महत्त्वाच्या विभागांत पहिल्या पातळीला ४ सेकंद, दुसऱ्या पातळीला ७ सेकंद टिकायला हवं. ही पातळी गाठणारे कपडे जड असत, त्यामुळे त्या मानकाची पट्टी फार कमी कपड्यांवर दिसे.

कपड्यांची स्वतंत्र तुलना हवी असेल तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा मोटोकॅप हा उपक्रम २०१८ पासून बाजारातले कपडे स्वतः विकत घेऊन तपासतो आणि तारे देतो. उकाड्यात किती हवेशीर, याचेही वेगळे गुण असतात. मला तो प्रकार आवडतो, कारण उत्पादकाने पाठवलेला खास नमुना तिथे नसतो.

तुम्ही सारखं शिवण शिवण म्हणता. एवढं काय आहे त्यात?

एक जॅकेट आलं होतं. कोपरावर भारी नायलॉनचा तुकडा, त्यावर नुसते ओरखडे. पण त्या तुकड्याच्या कडेची टीप बाहेरून, एकच, आणि साध्या धाग्याने मारलेली. रस्त्याने कापडाला हात लावायच्या आधी टिपेचा धागा खाल्ला आणि तुकडा झडपेसारखा उघडला. कापड जसंच्या तसं, आणि आतला हात सोललेला. मालक कापडावर रागावला होता, बिचाऱ्या कापडाची काही चूक नव्हती.

कपडा कापडाच्या तुकड्यांचा असतो आणि तुकडे धाग्याने धरलेले असतात. घासण्याच्या जागी निदान दोन, शक्यतो तीन टिपा हव्यात, आणि त्यातली एक तरी दुमडीच्या आत लपलेली, रस्त्याला न दिसणारी. धागा लेप दिलेल्या नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा. दुकानात हे तपासायची माझी पद्धत सोपी आहे: खांद्याच्या किंवा बाजूच्या शिवणीच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी धरून जोरात ताणा. टाके दात विचकल्यासारखे उघडे दिसले तर पुढचं बोलणं संपलं. आणि शक्य असेल तर कोपराच्या बाहेरच्या बाजूला शिवणच नसलेला नमुना निवडा.

चांगलं कापड असेल तर पॅड काढून टाकले तरी चालतील?

कापड कातडी वाचवतं, पॅड सांधे आणि हाडांवरचा धक्का कमी करतात. एकाचं काम दुसरं करत नाही. ईएन १६२१-१ मध्ये हातापायाच्या पहिल्या पातळीच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर पार जाऊ शकतो, दुसऱ्या पातळीत २० पर्यंत. पाठीला हेच १८ आणि ९. म्हणजे दुसऱ्या पातळीचे पॅड खरंच बरेच बरे. जॅकेटसोबत पाठीला आलेला फोमचा पातळ तुकडा बहुतेक वेळा जागा भरायला असतो, तो बदला.

माप थोडं सैल घेतलं तर? आत स्वेटर घालता येतो.

इथे माझीच गोष्ट सांगतो. वळणावर वाळू होती, वेग अगदी कमी, गाडी हळूच आडवी झाली. जॅकेट चांगल्या वर्गाचं. पण उकडत होतं म्हणून मनगटाची चेन उघडी ठेवली होती. हात रस्त्याला लागताच बाही वर सरकत कोपरापर्यंत गेली. कोपराच्या पॅडवर एक ओरखडा नाही, आणि मनगटापासून वर चार बोटं कातडी सोललेली. जॅकेट आजही वापरात आहे, व्रण माझ्याकडे आहे.

तर, माप घट्टच. उभं राहून नाही, गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करून बघा. पॅड हाताने फिरवून पाहा, तो कोपरावरून घसरता कामा नये. मनगट, दंड, कंबर इथल्या पट्ट्या आवळण्यासाठीच दिलेल्या असतात. आणि जॅकेट-पॅन्टला जोडणारी चेन असेल तर ती लावा. पाठ उघडी पडते ती तिथूनच.

वॉटरप्रूफ कापड जास्त टिकाऊ असतं का?

नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. पाणी अडवणारा पडदा अगदी पातळ असतो, घासण्यात त्याचा वाटा नगण्य. पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असेल तर कपडा पाणी पिऊन जड होत नाही, इतकाच फायदा. ओल्या रस्त्यावर माणूस जास्त लांब घसरतो हे मात्र लक्षात असू द्या.

धुवायचं कसं?

पॅड आधी काढा. चेन आणि वेल्क्रो बंद करा, नाहीतर वेल्क्रोचे आकडे सगळं कापड केसाळ करून ठेवतात. कपडा उलटा करून थंड किंवा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं द्रव नको. पिळू नका. वाळवणं सावलीत, दोरीवर उन्हात नाही. अरामिडला ऊन बाधतं हे वर आलंच आहे, आणि नायलॉनचाही रंग आणि जोर दोन्ही उन्हाने उतरतात. खिडकीशी महिनोन्महिने टांगलेलं जॅकेट हे न वापरता जुनं होतं.

आणि धुवाच. घामाचं मीठ आणि धुळीचे कण विणीत बसतात, आणि ते आतून सँडपेपरचं काम करतात.

एकदा पडून झालंय, वरून ठीक दिसतंय. परत वापरू?

उजेडासमोर धरा. खांदा, कोपर, गुडघा या जागी प्रकाश जाळीसारखा दिसतो का बघा, मग त्याच जागेची दुसरी, न घासलेली बाजू बघा. फरक दिसला तर कापड पातळ झालंय. बोटाला कडक मणी लागले तर तिथले धागे वितळलेत आणि आता ते वाकल्यावर मोडतील. अस्तर उलटून टिपा तपासा. नुसता खिसा फाटला असेल, चेन गेली असेल, अस्तर उसवलं असेल तर दुरुस्ती होते. आदळाच्या जागेवर वरून ठिगळ लावून मागतात लोक, मी लावत नाही. ठिगळाखाली कमजोर कापड तसंच असतं आणि नवीन टिपेची सुई त्याला आणखी भोकं पाडते. पूर्ण तुकडा बदलता आला तर बदलावा, पण मग मूळ वर्ग त्या कपड्याला लागू राहत नाही, हेही सांगून ठेवतो.

न पडता किती वर्षं चालेल?

वर्षांपेक्षा वापर मोजा. रोज उन्हात चालणारं जॅकेट आणि महिन्यातून एकदा निघणारं, यांची तुलना होत नाही. रंग एकीकडे उडाला असेल, शिवण ताणल्यावर टाके उघडत असतील, अरामिडचं अस्तर चुरगळून गोळे झालं असेल, पॅड कडक पडले असतील, तर वेळ झाली.

व्हिडिओत जीन्स गाडीमागे दोरीने ओढून दाखवतात. ती चाचणी खरी मानायची का?

करमणूक म्हणून बघा. पोत्यात भरलेली वाळू हाडासारखी टोकदार नसते, आदळ नसतो, आणि वेग किती, वजन किती, रस्ता कसला हे कोणी सांगत नाही. ग्राइंडर लावून दाखवणारेही तसेच: चाक एका रेषेत कापतं, रस्ता पसरून खरवडतो.

हातमोज्यांना हेच सगळं लागू होतं का?

कापडाचं तत्त्व तेच, मानक वेगळं, ईएन १३५९४. तळहाताचा खालचा मांसल भाग बघा, पडताना माणूस आधी तो टेकतो. तिथे दुपदरी लेदर किंवा गुळगुळीत कडक पट्टी हवी, म्हणजे हात अडकून मनगट मुरगळण्याऐवजी सरकतो. आणि मनगटाची पट्टी आवळून हातमोजा दुसऱ्या हाताने ओढून बघा. निघाला तर दुसरा घ्या.